उभी गाडी का थरथरते? आधी निदान, मग पाना



आपल्या कार्यक्रमात आपण पिकांवर बोलतो, खतांवर बोलतो, जनावरांच्या दुखण्यांवर बोलतो. या पत्रिकेत मात्र मी दारात उभ्या असलेल्या जुन्या पेट्रोल गाडीबद्दल लिहिणार आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याला गाडीतलं काय कळतं, असं कुणाच्या मनात येईल. रास्त आहे. पण माझा जन्म मुंबईत परळच्या भोईवाड्यातला. माझ्या काकांनी वीस वर्षं प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी चालवली. चाळीच्या खाली गाडी उभी करून ते बोनेट उघडायचे आणि बॅटरीचा उजेड धरायला मी उभा असायचो. शेतीची पदवी मी पुढे कॉलेजात घेतली, पण दुखण्याचं मूळ कसं शोधायचं हे आधी त्या बोनेटखाली शिकलो.

तक्रार नेहमीची आहे. गावोगाव फिरताना ती कानावर येते. गाडी रस्त्यावर बरी पळते, पण उभी केली की थरथरते, स्टिअरिंग हाताला झिणझिण्या आणतं, मिसिंग मारते आणि सिग्नलला किंवा फाट्यावर बंद पडते. मग कुणी कार्बोरेटर बदलतो, कुणी प्लग बदलतो, कुणी नुसताच स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवतो. पैसे जातात, थरथर राहते. यालाच म्हणतात आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

भोईवाड्यातली एक संध्याकाळ

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता घडलेली गोष्ट सांगतो. टाटा हॉस्पिटल भोईवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे गावाकडची माणसं पेशंट घेऊन आली की ओळखीपाळखीने आमच्या चाळीपर्यंत पोचतात. जुन्नर तालुक्यात ओतूर बाजूचे एक शेतकरी आईला घेऊन आले होते. आईंचं शेकाचं शेवटचं आवर्तन संपलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी निघायचं होतं. गाडी जुनी प्रीमिअर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली, जपून ठेवलेली.

तक्रार तीच. माळशेज उतरून मुरबाड, कल्याण, ठाणे करत येताना गाडी पळत होती. पण शीवपासून पुढे प्रत्येक सिग्नलला थडथड. मागच्या सीटवर आई आडव्या झालेल्या. गाडी उभी राहिली की त्यांच्या अंगाला हादरे बसायचे. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसता सीटचा कोपरा घट्ट धरायच्या. मुलाला ते आरशात दिसायचं. याआधी गावाकडे एका गॅरेजात चारही प्लग नवे टाकून झाले होते, कार्बोरेटरची किट बदलून झाली होती आणि गाडी बंद पडू नये म्हणून रेसही वाढवून दिली होती. फरक शून्य. उलट पेट्रोल जास्त जात होतं.

पाहुण्यांनी विचारलं, "काका, कार्बोरेटर नवाच टाकू का?"

काकांनी बोनेटला हात लावला नाही. आधी विचारलं, "अहो पाहुणे, सकाळी गार गाडी चालू केली की थरथरते, का तापल्यावर?"

"सकाळी एकदम ठीक असते काका. तापल्यावरच."

"आणि गॅरेजवाल्यांनी कधी बघितली?"

"सकाळी. रात्री तिथंच ठेवली होती."

"म्हणजे त्यांनी गार गाडी बघितली. त्यांचा दोष नाही. दुखणं त्यांना दिसलंच नाही."

हे ऐकताना मला माझंच काम आठवलं. शेतकरी सांगतो, पानं पिवळी पडली. आपण लगेच युरिया सांगत नाही. आधी विचारतो, खालची जुनी पानं पिवळी की शेंड्याकडची कोवळी? खालची असतील तर नत्र कमी. शेंड्याची असतील आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी असण्याचा संभव. रोग एकच दिसतो, कारणं वेगळी. गाडीचंही अगदी तसंच.

उभ्या गाडीतच दुखणं का दिसतं?

हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

गाडी उभी आणि इंजिन चालू, याला आयडलिंग म्हणतात. त्या वेळी हवेची झडप जवळजवळ बंद असते. इंजिन फक्त स्वतःला फिरवत ठेवण्यापुरती ताकद काढतं. समजा इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतंय. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. म्हणजे एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा आणि चार मिळून १६०० वेळा. त्यातला एक सुस्त झाला की चौथाई ताकद गेली. चार जण पालखी उचलतायत आणि एक जण पायात अडखळतोय, तसं इंजिन डोलायला लागतं.

गाडी पळायला लागली की इंजिनाला वेग असतो, फ्लायव्हील आणि चाकांचा रेटा असतो. शिवाय गळतीला वेळ कमी मिळतो. त्यामुळे लहानसं दुखणं झाकलं जातं. म्हणून "रस्त्यावर ठीक चालते ना, मग असू द्या" असं म्हणू नका. उभी गाडी खरं बोलते.

इंजिनाला चार गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, वेळेवर जोरदार ठिणगी, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब आणि इंजिन ज्यावर बसलंय ते रबरी माउंटिंग धड. थरथरीचं कारण बहुधा या चारांतच सापडतं.

हात लावण्याआधी विचारायचे प्रश्न

वहीत लिहून काढा. पाच मिनिटं लागतात, पण शे-पाचशे रुपये वाचतात.

१. थरथर गार गाडीत की तापल्यावर? गार असताना असेल आणि तापल्यावर जात असेल तर चोक, पेट्रोलचं मिश्रण, ओल धरलेली डेल्कोची टोपी यांच्याकडे बघा. तापल्यावर वाढत असेल तर टॅपेट, कंडेन्सर, कॉइल यांच्याकडे बघा. पूर्ण तापली तरी चोक परत गेला नसेल तर तेही एक कारण.

२. लयीत आहे की बेलय? ठराविक अंतराने "थड, थड" येत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही. कधी वर, कधी खाली असा आवाज असेल तर मिश्रणात गडबड किंवा कुठेतरी हवा घेतेय.

३. धूर कसला? काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा आणि दाट येत राहिला, शिवाय रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

४. दुखणं सुरू होण्याच्या आधी काय केलं होतं? गाडी धुतली, प्लग काढले, महिनाभर उभी होती, नव्या पंपावर पेट्रोल भरलं? निम्म्या वेळा उत्तर इथंच मिळतं.

आधी सावधगिरी

गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. उपरणं, पदर, बाहीची टोकं पंख्यापासून लांब ठेवा. विडी-सिगारेट लांब. पेट्रोलचा थेंब सांडला असेल तर पुसून, वाळू देऊन मगच गाडी चालू करा.

आणि हे तर नक्कीच पाळा. गोठ्यात, बंद शेडमध्ये किंवा शटर लावलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. माणूस आणि जनावर झोपल्या जागी दगावतं. तपासणी उघड्यावर करा.

हत्यारं फार लागत नाहीत: प्लगचा बॉक्स पाना, स्क्रू ड्रायव्हर, रबरी मुठीची पक्कड, फीलर गेज, बारीक पॉलिश पेपर आणि ऑइलची पिचकारी.

पायरी पहिली: आजारी सिलिंडर शोधा

गाडी पूर्ण तापू द्या. ती थरथरत असताना रबरी मुठीच्या पकडीने एका प्लगची वायर काढा, दोन-तीन सेकंद थांबा, परत लावा. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज आणखी खाली गेला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर आजारी तोच. रेडिएटरच्या बाजूने पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे आकडे धरा आणि लिहून ठेवा.

ही चाचणी पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांसाठीच आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किंवा कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत वायर अशी उघडी ठेवली तर महागडा भाग जळतो. आणि उघड्या हाताने वायर काढू नका. झटका जोराचा बसतो आणि माणूस दचकून पंख्याकडे हात मारतो.

पाहुण्यांच्या गाडीत पहिला सिलिंडर, आवाज खाली. दुसरा, खाली. तिसऱ्याची वायर काढली, इंजिनाला पत्ताच नाही. चौथा, खाली. म्हणजे आजारी तिसरा. चारही प्लग आणि कार्बोरेटरची किट बदलून झाली होती, आणि दुखणं एका सिलिंडरमध्ये होतं. कार्बोरेटर सगळ्यांना सारखंच पेट्रोल देतो. एकच सिलिंडर आजारी असेल तर आधी कार्बोरेटरवर आळ घेऊ नये.

पायरी दुसरी: अदलाबदल करून बघा

नवीन वस्तू आणण्याआधी असलेल्याच वस्तूंची जागा बदला. आजारी सिलिंडरचा प्लग शेजारच्यात टाका, शेजारचा इकडे. प्लग चटका देण्याइतका गरम असतो, फडक्याने धरा. गाडी चालू करून परत वायर काढून बघा. दुखणं प्लगबरोबर शेजारी गेलं, तर प्लग खराब. नाही गेलं, तर प्लग निर्दोष. मग वायरची तशीच अदलाबदल करा.

प्लग काढला की त्याचा रंग बघा. पिकाचं पान बघतो तसाच. फिका तपकिरी रंग म्हणजे तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हची मार्गिका झिजली. पांढुरका, भाजल्यासारखा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच पडत नाही.

काकांनी तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात टाकला, वायरही बदलून बघितली. दुखणं तिसऱ्यातच राहिलं. ठिणगीच्या बाजूने तिसरा सुटला.

पायरी तिसरी: ठिणगीचं घर

सगळेच सिलिंडर आलटून पालटून चुकत असतील तर डिस्ट्रिब्युटर उघडा, ज्याला आपले मिस्त्री डेल्को म्हणतात. आतले पॉइंट काळे पडतात, त्यांवर खड्डा आणि टेंगूळ येतं. बारीक पॉलिश पेपरने साफ करा, स्वच्छ फडक्याने पुसा आणि फट फीलर गेजने लावा. बहुतेक जुन्या गाड्यांत ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला धरा. पॉइंट साफ केल्यावरही लवकर जळत असतील तर कंडेन्सर बदला. तो स्वस्त असतो, आणि पॉइंट लवकर जळायला बऱ्याचदा तोच कारण असतो.

पावसाळ्यात डेल्कोच्या टोपीकडे खास लक्ष द्या. भोईवाड्याजवळ हिंदमाताला पाणी तुंबलं की त्यातून निघालेल्या टॅक्स्या रांगेने बंद पडायच्या. काका टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसायचे आणि गाडी चालू व्हायची. टोपीला केसाएवढी चीर असेल तर तिच्यातून करंट पळतो. रात्री दिवे मालवून बोनेट उघडा. वायरवर किंवा टोपीवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या तर चोर तिथंच आहे.

पायरी चौथी: हवा कुठून घेतेय?

कार्बोरेटर इंजिनावर बसतो तिथलं गॅस्केट, इनटेक मॅनिफोल्डचा सांधा आणि तिथून निघणाऱ्या रबरी नळ्या या जुन्या गाडीच्या कमजोर जागा. सांध्यातून फुकटची हवा आत गेली की मिश्रण पातळ होतं. उभ्या गाडीत हवेची झडप बंद असल्याने इंजिनाची ओढ जबर असते, म्हणून ही गळती आयडलिंगलाच सर्वांत जास्त जाणवते.

तपासायचं कसं? गाडी चालू ठेवून पिचकारीने सांध्यावर साध्या इंजिन ऑइलचे चार थेंब सोडा. क्षणभर आवाज सुधारला, तर ऑइलने भोक बुजवलं, म्हणजे गळती तिथंच. रबरी नळी चिमटीत दाबून बघा. दाबल्यावर इंजिन सुधारलं तर नळी किंवा तिच्या पुढचा भाग फुटलाय. या चाचणीला पेट्रोल वापरू नका. गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

सापडलं तर बोल्ट एकाच बाजूने करकचून आवळू नका. आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. नाहीतर बूड वाकडं होतं आणि गळती कायमची राहते.

पायरी पाचवी: दाब आणि टॅपेट

तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी मिळत होती. हवा कुठून घेत नव्हती. मग उरला दाब. काकांनी सायलेन्सरच्या तोंडाशी वहीचा कागद धरला. निरोगी इंजिन कागदाला एकसारखे धक्के देतं. इथं धक्के येत होते आणि मधूनच, लयीत, कागद आत ओढला जात होता. "एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता बसत नाही," काका म्हणाले. "उद्या सकाळी गार असताना कव्हर काढू."

हे कसं होतं ते सांगतो. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरच्या वरची झडप. ती दाबणाऱ्या रॉकरमध्ये आणि तिच्यात केसाएवढी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. वापराने व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि ही फट हळूहळू बुजते. गार असताना व्हॉल्व्ह कसाबसा बसतो. तापला की दांडी लांबते, जागा उरत नाही, व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. मग दाब गळतो, मिसिंग सुरू होतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो म्हणून तिथं हे आधी होतं. पाहुण्यांची गाडी सकाळी ठीक आणि तापल्यावर आजारी का, याचं उत्तर हे होतं.

एक जुनी गोष्टही लक्षात घ्या. आपल्या देशात शिसं मिसळलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. माणसाच्या तब्येतीसाठी ते फार चांगलं झालं. पण शिशाचा थर जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखा उपयोगी पडायचा. ज्या इंजिनांत बैठका मऊ बिडाच्या आहेत, त्यांची झीज आता जास्त होते. अशा गाडीचे टॅपेट जरा लवकर लवकर तपासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, चाळीत पाणी भरण्याची गडबड चालू असताना, काकांनी टॅपेट कव्हर काढलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये फीलर गेजचं सर्वांत पातळ पातंसुद्धा शिरेना.

टॅपेट लावायची सोपी रीत अशी. पद्मिनीसारख्या चार सिलिंडरच्या इंजिनात पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. त्यामुळे एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या पडतात. तिसऱ्याचे टॅपेट लावायचे तर इंजिन हाताने फिरवत दुसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलायला लागतील, म्हणजे एक मिटतोय आणि एक उघडतोय, तिथं थांबा. त्या वेळी तिसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात. चेकनट ढिला करा, पुस्तकात दिलेली फट लावा, चेकनट आवळा आणि आवळल्यावर परत एकदा मोजा. आवळताना फट बदलते, ही चूक सगळे करतात. पुस्तकात माप गार इंजिनाचं दिलंय की गरम, तेही बघा. पातं किंचित अडखळत सरकलं पाहिजे. फट जास्त ठेवली तर टकटक आवाज येतो. कमी ठेवली तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह जळतो. म्हणून जुने चालक म्हणतात, वाजणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेला नाही परवडत.

फट लावली, कव्हर बसवलं, गाडी तापवली. चारही सिलिंडर एका लयीत. कागदाला एकसारखे धक्के. नशीब असं की व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता. आणखी महिनाभर तसंच चालवलं असतं तर हेड उतरवून, नवा व्हॉल्व्ह टाकून बैठक घासून घ्यावी लागली असती. तो खर्च हजारांच्या घरात जातो.

पायरी सहावी: कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी

सगळं तपासून झालं की मग कार्बोरेटर. त्याला दोन स्क्रू असतात. एक रेसचा, दुसरा मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजा आणि लिहून ठेवा. काही बिघडलं तर मूळ जागेवर येता येईल. शेवटाला जोर लावू नका, टोक चेपतं. मग गरम इंजिनावर तो सावकाश बाहेर काढत जा. इंजिन सर्वांत एकसारखं चालेल तिथं थांबा. नंतर रेसच्या स्क्रूने फेरे पुस्तकाप्रमाणे आणा.

मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला आणि काहीच फरक पडला नाही, तर आयडलिंगचा जेट तुंबलाय. जेट काढून हवेने फुंका. त्यात तार किंवा सुई घालू नका. ठिबकच्या ड्रीपरमध्ये सुई घातली की भोक मोठं होऊन पाण्याचं माप बिघडतं, तसंच इथं पेट्रोलचं बिघडतं.

पाहुण्यांच्या गाडीची वाढवलेली रेस काकांनी या वेळी खाली आणली. रेस वाढवणं म्हणजे ताप उतरायची गोळी. ताप दिसेनासा होतो, दुखणं आत राहतं.

इथेनॉलचं पेट्रोल आणि जुनी गाडी

हा मुद्दा आपल्या ऊस आणि मका पिकवणाऱ्या बांधवांच्या जवळचा आहे. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं. तुमच्या शेतातला माल पंपावर पोचला, ही चांगलीच गोष्ट. पण पद्मिनीसारख्या गाड्या त्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, तेव्हा तीन गोष्टी सांभाळा.

इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं. टॅपेट, ठिणगी, हवा सगळं ठीक असूनही थरथर राहिली आणि प्लग पांढुरके दिसले, तर मिश्रणाचा स्क्रू किंचित जास्त उघडावा लागतो. दुसरं, जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगतो, मऊ पडतो, भेगाळतो. पेट्रोलची नळी दर पावसाळ्यापूर्वी वाकवून बघा आणि इथेनॉल सोसणारी नळी मागून घ्या. तिसरं, इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीने उभी ठेवली तर टाकीच्या तळाशी पाणी साचू शकतं. संशय आला तर थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून साफ करणं भाग आहे.

माउंटिंग विसरू नका

कधी कधी इंजिन अगदी लयीत चालतं, सायलेन्सरचे धक्के एकसारखे असतात, तरी बॉडी हादरते. अशा वेळी इंजिनाखालचे रबर बघा. ऑइल गळून रबर कुजतं, फाटतं. इथं कितीही प्लग बदला, उपयोग नाही.

थोडक्यात ध्यानात ठेवा

लयीत थडथड: एक सिलिंडर आजारी. वायर काढून शोधा.
बेलय वरखाली: हवा घेतेय किंवा मिश्रण बिघडलंय.
गार ठीक, तापल्यावर खराब: टॅपेट, कंडेन्सर, कॉइल.
पावसात किंवा गाडी धुतल्यावर: डेल्कोची टोपी आणि वायरी.
काळा धूर, काळे प्लग: चोक, फ्लोट, एअर फिल्टर.
इंजिन शांत, बॉडी हादरते: माउंटिंगचे रबर.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कळत नाही. शेतावर प्रयोगाचा प्लॉट करताना आपण एका वाफ्यात एकच बदल करतो, तोच नियम. आणि केलेलं काम गाडीतल्या वहीत तारीख घालून लिहा. पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप असो की जुनी पेट्रोल जीप, रीत हीच. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी नसते, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. गाडी सी.एन.जी. किंवा एल.पी.जी.वर केलेली असेल तर गॅसच्या भागांना स्वतः हात लावू नका, ते काम परवानाधारक माणसाचंच.

मुंबईत आता पद्मिनी टॅक्सी दिसत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. काकांच्या हातात मात्र ते इंजिन अजून आहे. त्यांनी पाहुण्यांकडून पैसे घेतले नाहीत. एवढंच सांगितलं, "पाचशे किलोमीटर झाले की फट परत मोजा. परत बुजली असेल तर बैठक खाली चाललीय असं समजा, मग हेड उतरवायला लागेल. आणि मिस्त्रीला गाडी दाखवायची ती आजारी असताना दाखवा."

त्या रात्री ओतूरहून फोन आला. घाट चढून गाडी सुखरूप पोचली होती. पाहुणे म्हणाले, "काका, कल्याणला अर्धा तास ट्रॅफिकमध्ये उभे होतो. मागं वळून बघितलं तर आई झोपली होती."

तुमच्या गाडीचं दुखणंही असंच वेळेवर सापडो. राम राम.